फोंड्यातल्या दुकानगाळ्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ करायचाय, भिंतींना फोम लावला की पुरे ना?

नाही. फोम आतला घुमारा कमी करतो, रस्त्यावरचा हॉर्न अडवत नाही. त्यासाठी वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. शटर म्हणजे पत्र्याचा ढोलच. त्याच्या आत वेगळी भिंत उभारा: जुन्या भिंतीला न टेकणारी फ्रेम, तिच्यात रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), वर 12.5 मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांध्यांना सीलंट. नुसतं वजन दुप्पट केलं तर फरक साधारण 6 डेसिबलचाच पडतो, म्हणून दोन भिंतींच्या मधली पोकळी ठेवाच.

छत पत्र्याचं असेल तर आधी ते बघा, नाहीतर जून ते सप्टेंबर फक्त पाऊसच रेकॉर्ड कराल! एक पावसाळा गळती तपासून मगच रॉकवूल भरा, ओल धरली की बुरशी आलीच. स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, तिची वेगळी सोय हवी. घुमट-शामेळ ही गोव्याची तालवाद्यं वाजणार असतील तर जमीनही रबरावर तरंगती घ्या, म्हणजे मूळ जमिनीला थेट न टेकणारी.