‘पॅनिक’ हा शब्द कुठून आला आणि त्याचा अर्थ ‘घाबरणे’ एवढाच आहे का?

एवढाच मुळीच नाही. हा शब्द ग्रीकांच्या पॅन या देवावरून आला. बोकडाचे पाय आणि शिंगे असलेला हा देव ग्रीसमधल्या आर्केडिया या डोंगराळ प्रदेशाच्या रानांचा आणि मेंढपाळांचा. निर्जन जागी, समोर काहीही नसताना एकाएकी जी धडकी भरते, ती त्याची करणी मानली जाई. इ.स.पू. २७९ मध्ये डेल्फी या ग्रीक तीर्थक्षेत्रावर चालून गेलेल्या गॉल टोळ्यांच्या सैन्यात रात्री अशीच घबराट उठली, असे प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस लिहितो. काही जणांना घोड्यांच्या टापांचा भास झाला, मग त्यांना आपलीच भाषा समजेना आणि शत्रू समजून त्यांनी एकमेकांनाच कापून काढले. विनाकारण येणारी भीती पॅनकडून येते, असेही तो तेथेच नोंदवतो.

‘विनाकारण’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. भरलेल्या सभागृहात एक साधे व्याख्यान ऐकत असताना माझी छाती अचानक धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि आपण आता मरणार याची खात्रीच पटली. दादाने मला हाताला धरून बाहेर आणले, डॉक्टरांकडे नेले, ईसीजी व्यवस्थित निघाला, आणि तेव्हापासून त्याचा एकच प्रश्न सुरू झाला: “घाबरण्यासारखं झालं काय होतं? कारण सांग.” कारण सांगता येत नाही म्हणजे हे मनाचे खेळ, असा त्याचा निष्कर्ष आजही कायम आहे. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे. दिसणारे कारण नसणे हे त्या भीतीचे मूळ लक्षणच आहे. ग्रीक मेंढपाळांनी ते ओळखले होते आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये ‘पॅनिक डिसऑर्डर’ला स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले. आपल्या घरी कोणाला असा झटका आला, तर कृपया कारणाची उलटतपासणी घेऊ नका. शेजारी बसा, काही मिनिटांत त्याचा जोर ओसरू लागतो.

मराठीत ‘घबराट’ जवळचा आहे, पण तो बहुधा जमावाला शोभतो. एकट्या माणसासाठी मी ‘धडकी’ वापरते. आग लागल्यावर होणाऱ्या पळापळीलाही आज पॅनिक म्हणतात, हे मान्य आहे. मात्र छातीत पहिल्यांदाच असे काही झाले, तर शब्दाच्या भरवशावर न राहता आधी हृदय तपासून घ्यावे. तेवढ्यापुरते दादाचे बरोबर होते.