आधी त्याचं म्हणणं सांग, मग तुझं

तुझं पत्र दोनदा वाचलं. इंग्रजीत वाद घालायला शिकवायचं म्हणून ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ची ९६ मिनिटं सलग दाखवलीस (खुनाच्या खटल्यात निकाल द्यायला बसलेले ज्युरीतले बारा सामान्य नागरिक एका खोलीत वाद घालतात, तो चित्रपट), वर्ग रंगून गेला, मग फळ्यावर ‘फाशीची शिक्षा असावी की नसावी’ असा विषय लिहिलास आणि सगळे गप्प झाले. बोलले ते दोघंच, जे एरवीही बोलतात. आणि आता माझ्याकडे दुसऱ्या चित्रपटांची यादी मागतेस. यादी मिळणार नाही. चित्रपट उत्तम निवडलास, वापरला मात्र चुकीचा.

तुझ्या वर्गातली माणसं प्रौढ आहेत. स्वतःच्या भाषेत ती घरी, कामावर रोज वाद घालतात आणि जिंकतातही. त्यांना युक्तिवाद येत नाही हे डोक्यातून काढून टाक. इंग्रजीत त्यांची अडचण आधीच सुरू होते: समोरचा नेमकं काय म्हणाला ते निम्मं निसटतं, उरलेलं अंदाजानं भरलं जातं, आणि मग त्या अंदाजाला उत्तर दिलं जातं. दोघं एकमेकांशी भांडतायत असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोघं आपापल्या गैरसमजाशी भांडत असतात. म्हणून माझा एकच नियम आहे: समोरच्याचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल असं सांगायचं, मगच ते खोडायचं. चित्रपट लागतो तो यासाठीच. माणसाचं बोललेलं वाक्य हवेत विरतं. चित्रपटातलं वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं, आणि आपण चुकीचं ऐकलं होतं हे कुणी न दुखावता उघड होतं.

आता तुझा पुढचा तास. संपूर्ण चित्रपट नको, ३ ते ४ मिनिटांचा तुकडा घे. म्हाताऱ्या साक्षीदाराचा प्रसंग घे: आपण बिछान्यातून उठून १५ सेकंदांत दाराशी पोचलो असं तो सांगतो, ज्युरीतला एक जण त्या म्हाताऱ्यासारखं लंगडत तेवढं अंतर चालून दाखवतो आणि घड्याळात ४१ सेकंद भरतात. ४१ हा आकडा येण्याआधी थांबव. प्रश्नही तेवढाच ठेव: तो १५ सेकंदांत पोचू शकला असता का? फाशीवर बोलायला न्याय, नीती, समाज असले जड शब्द लागतात. इथे बिछाना, दार, लंगडणं, सेकंद एवढ्यावर भागतं, आणि वाद तरीही खरा असतो.

पहिल्यांदा उपशीर्षकांशिवाय दाखव. दुसऱ्यांदा इंग्रजी उपशीर्षकं लाव. मातृभाषेतली कधीच नाहीत. तसं केलंस तर वर्ग अनुवादावर वाद घालत बसेल. तिसऱ्यांदा पुन्हा उपशीर्षकांशिवाय. आणि तुकड्याचा संवाद तू स्वतः ऐकून उतरवून काढ. उपशीर्षकं पडद्यावर मावण्यासाठी अनेकदा छाटलेली असतात, आणि ‘वेल’, ‘आय मीन’, ‘आय गेस’ हेच आधी उडतं. बोलणाऱ्याला आपल्या म्हणण्याची किती खात्री आहे, ते नेमकं त्या शब्दांत असतं.

खात्रीच्या छटांवर मात्र वेळ घालव, कंजुषी करू नकोस. ‘ही मस्ट हॅव हर्ड इट’ म्हणजे त्यानं ऐकलंच असणार. ‘माइट हॅव’ म्हणजे ऐकलं असेलही. ‘कुडन्ट हॅव’ म्हणजे ऐकणं शक्यच नव्हतं. बोलताना ‘हॅव’चा नुसता ‘अव’ उरतो, ‘माइटव’ असं काहीतरी कानावर पडतं, आणि शिकणाऱ्याला ते ‘मस्ट’पेक्षा वेगळं आहे हेच कळत नाही. समोरच्यानं शंका मांडलेली असते, हा मात्र तो ठाम दावा समजून तुटून पडतो. व्याकरणाची चूक म्हणून तू ती वहीत टिपतेस. ती ऐकण्याची चूक आहे. आधी त्याचं म्हणणं सांगायला लावलंस की ती तिथल्या तिथे पकडली जाते.

गट तिघांचे कर: एक मांडणारा, एक खोडणारा, एक साक्षी. बाजू चिठ्ठ्या टाकून वाट. मत स्वतःचं नसलं की हरण्याची लाज अर्धी होते. तयारीला ५ मिनिटं, आणि कागदावर ५ शब्द. वाक्य लिहू दिलंस की वाचूनच दाखवतील. मांडणारा ४५ सेकंद बोलेल. खोडणारा ‘सो यू आर सेइंग दॅट’ असं सुरू करून २० सेकंदांत त्याचं म्हणणं सांगेल. मांडणारा ‘येस, दॅट्स इट’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. तो हट्टानं नाहीच म्हणत राहिला, तर साक्षी निवाडा देईल. साक्षीच्या हातात तू उतरवलेला संवाद असतो. पात्राच्या तोंडी भलतंच घातलं गेलं तर चित्रपटाचा तुकडा पुन्हा लावायला साक्षीच सांगेल. मग ४५ सेकंद खोडणं. फेरी संपली की भूमिका बदला. चुका मध्येच सुधारू नकोस, शेवटी प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन सांग. ‘मस्ट’-‘माइट’ची गफलत मात्र तिथेच थांबव.

ही पद्धत फार संथ आहे असं तुझे सहकारी म्हणतील. माझ्याच नियमानं त्यांची बाजू आधी मांडते: तासात माणशी जेमतेम तीन-चार मिनिटं बोलणं होतं, ओघ तुटतो, आणि वाक्प्रयोगांच्या यादीनं वर्ग लवकर बोलता होतो. हे खरं आहे. लवकर बोलता होतो. मीही अशा याद्या वर्षानुवर्षं पाठ करून घेतल्या आणि त्या वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. ‘आय सी युअर पॉइंट, बट’ हे वाक्य सगळ्यांना येत होतं. पॉइंट कुणालाच दिसलेला नसायचा. कदाचित म्हणूनच मी यावर इतकी अडून बसते. अडून बसू दे. पहिले चार तास तुलाही हे रटाळ वाटेल, वर्ग कुरकुरेल. तरी २० सेकंदांच्या त्या भागाला कात्री लावू नकोस. वेळ कमी पडला तर खोडणं कमी कर.

वर्गात १८ जण आहेत म्हणजे सहा गट. सहा साक्षींना संवादाची एकेक प्रत लागेल. सगळे एकदम बोलतात तो भाग तुकड्यात येऊ देऊ नकोस; तीन आवाज एकमेकांवर चढले की उतरवायला तुलाही जड जाईल.