टाकीतला साका आणि चढणारा सामू : नळाच्या पाण्याविषयी चार पत्रे

फाल्गुन सरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. हिवाळाभर कीड, रोपे आणि बियाणे यांविषयी विचारणारे गच्चीवरचे बागायतदार, धरणाचे पाणी कमी होऊन बोअर आणि टँकर सुरू झाले की, 'खत खराब निघाले' असे लिहू लागतात. यातल्या बहुतेक पत्रांत खताचा काहीही दोष नसतो. त्यांच्या नळाला येणारे पाणी बदललेले असते आणि खताचे प्रमाण मात्र तेच राहिलेले असते. म्हणून या वेळी पाण्याविषयीचीच चार पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर १०० लिटरच्या टाकीवर मी पालक आणि लेट्यूस घेते. कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, ००:५२:३४ (स्फुरद आणि पालाश देणारे विद्राव्य खत) आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये एका बादलीत दाट विरघळवून ते द्रावण टाकीत ओतते. हिवाळ्यात थोडा गढूळपणा येई. सोसायटीने बोअरचे पाणी मिसळायला सुरुवात केल्यापासून मात्र टाकीच्या तळाशी चुन्यासारखा साका बसतो आहे. खतात भेसळ असेल का?

उत्तर : आपल्या पत्रातले 'हिवाळ्यात थोडा गढूळपणा येई' हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. बोअरचे पाणी नव्हते तेव्हाही द्रावण थोडे फुटत होते, याचा अर्थ आपल्याकडे एक नव्हे, दोन कारणे एकत्र आली आहेत.

पहिले कारण बादलीत आहे. दाट द्रावणात कॅल्शियमची गाठ सल्फेटशी पडली की जिप्सम तयार होते आणि फॉस्फेटशी पडली की कॅल्शियम फॉस्फेट. ही दोन्ही संयुगे पाण्यात फारच कमी विरघळतात. एक लिटर पाणी जेमतेम सव्वादोन ते अडीच ग्रॅम जिप्सम सामावून घेते. त्यामुळे टाकीतल्या पातळ द्रावणात जी खते गुण्यागोविंदाने राहतात, तीच बादलीतल्या दाट द्रावणात एकमेकांना पकडून तळाशी बसतात. एकदा बसलेला साका नंतर टाकीत ढवळून सहजासहजी परत विरघळत नाही. म्हणूनच व्यावसायिक हरितगृहांत 'ए' आणि 'बी' अशा दोन वेगळ्या टाक्या असतात : एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोहाचे चिलेट (लोहाला धरून विरघळलेले ठेवणारे संयुग), दुसरीत सर्व सल्फेट आणि फॉस्फेट. आपणही दोन बादल्या ठेवाव्यात. टाकी आधी पाण्याने जवळजवळ भरून घ्यावी, एक बादली ओतून नीट ढवळावे आणि दहा मिनिटांनी दुसरी ओतावी.

दुसरे कारण बोअरच्या पाण्यात असण्याची दाट शक्यता आहे, परंतु ती गृहीत न धरता तपासून पाहावी. एक लिटरच्या दोन स्वच्छ, पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओचे पाणी आणि दुसरीत नळाचे पाणी भरा. टाकीसाठी जेवढे खत लागते त्याचा शंभरावा हिस्सा, म्हणजे टाकीला १०० ग्रॅम लागत असेल तर एक ग्रॅम, असे प्रत्येक खत दोन्ही बाटल्यांत टाका. आधी मॅग्नेशियम सल्फेट आणि ००:५२:३४, ती पूर्ण विरघळल्यावर शेवटी कॅल्शियम नायट्रेट. तासाभराने दोन्ही बाटल्या काळ्या कापडासमोर धरून पाहा. दोन्ही स्वच्छ असतील तर दोष केवळ बादलीचा होता. आरओची स्वच्छ आणि नळाची धुरकट झाली असेल तर पाणी जड आहे आणि त्यावर उपाय करावा लागेल.

साका कशाचा आहे हेही घरच्या घरी बऱ्याच अंशी कळते. चमचाभर साका बशीत घेऊन त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर तो चुन्याचा, म्हणजे पाण्यातून आलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा आहे. आपल्या गीझरच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते तीच ही वस्तू. न फसफसता हळूहळू विरघळला तर तो बहुधा फॉस्फेटचा असतो, आणि व्हिनेगरला दादच देत नसेल तर जिप्समचा. सध्याच्या टाकीतले द्रावण मात्र वरून आणखी खत घालून सुधारण्याच्या नादी लागू नका. त्यातले किती कॅल्शियम आणि किती स्फुरद तळाशी गेले याचा अंदाज येत नाही, त्यामुळे ते द्रावण मातीतल्या झाडांना देऊन टाकावे आणि टाकी नव्याने भरावी.

प्रश्न : सोलापूरजवळ शेडनेटमध्ये कोकोपीटच्या पिशव्यांत टोमॅटो लावले आहेत. नळाला बोअरचेच पाणी येते. प्रयोगशाळेच्या अहवालात सामू (पीएच) ८.१, विद्युत वाहकता १.१ आणि बायकार्बोनेट ३६६ मिलिग्रॅम प्रतिलिटर असे आकडे आहेत. सायट्रिक आम्ल टाकून द्रावणाचा सामू ६ वर आणतो, पण दोन दिवसांत तो पुन्हा ७.५ च्या पुढे जातो. शेंड्याच्या पानांवर केवडा पडला आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. लोह दोनदा दिले, तरी फरक नाही.

उत्तर : आपण पाणी तपासून घेतले, त्यामुळे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. या अहवालात ८.१ या आकड्यापेक्षा ३६६ हा आकडा अधिक बोलका आहे. सामू पाण्याची त्या क्षणाची स्थिती दाखवतो; आपण टाकलेले आम्ल किती पचवण्याची पाण्याची तयारी आहे, हे बायकार्बोनेटवरून कळते. आपल्याकडचा काळा खडक झिजताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोडतो, त्यामुळे दख्खनच्या पठारावरील अनेक बोअरच्या पाण्यात हा साठा मोठा असतो. असे पाणी पिण्याच्या भारतीय मानकाच्या कमाल मर्यादेत बसते, म्हणून ते खतासाठीही चांगले असेल असा समज होतो. तो बरोबर नाही.

आम्ल किती लागेल याचा हिशेब मिलिइक्विव्हॅलंट या एककात करतात. ६१ मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे एक मिलिइक्विव्हॅलंट. आपल्या पाण्यात प्रतिलिटर सहा मिलिइक्विव्हॅलंट आहेत. अर्धा ते एक शिल्लक ठेवून बाकीचे आम्लाने मारावे लागते. काही प्रयोगशाळा हाच आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिहितात. तेव्हा ६१ ऐवजी ५० ने भागावे.

सायट्रिक आम्लाने सामू उतरतो, पण टिकत नाही. ते सेंद्रिय आम्ल असल्यामुळे द्रावणातले आणि कोकोपीटमधले सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात आणि मूळ क्षारता पुन्हा वर येते. आपण पाहत आहात तो दोन दिवसांचा खेळ हाच आहे. फॉस्फोरिक आम्ल टिकते, परंतु सहापैकी पाच मिलिइक्विव्हॅलंट केवळ त्यानेच मारायचे म्हटले तर द्रावणात प्रतिलिटर सुमारे १५५ मिलिग्रॅम स्फुरद जाईल. टोमॅटोला साधारण ३० ते ५० पुरते. जास्तीचे स्फुरद लोह आणि जस्त अडवून केवडा वाढवते आणि कॅल्शियमशी मिळून पुन्हा साका करते. म्हणून व्यावसायिक शेतकरी उरलेल्या भागासाठी नायट्रिक आम्ल वापरतात, आणि त्यातून येणारे नत्र, म्हणजे दर मिलिइक्विव्हॅलंटमागे लिटरला १४ मिलिग्रॅम, खताच्या हिशेबातून वजा करतात. ते अत्यंत दाहक आहे आणि त्याची वाफही घातक आहे; प्रशिक्षण आणि पुरेशी साधने नसतील तर मी त्याचा सल्ला देणार नाही.

आपल्या एवढ्या लहान शेडसाठी माझा कौल पाणी पातळ करण्याला आहे. एक भाग बोअरचे आणि दोन भाग पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळले तर सहाचे दोन होतात. त्यातला एक मिलिइक्विव्हॅलंट मारायला १०० लिटर मिश्रणाला ८५ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल सुमारे ७ मिलिलिटर पुरते आणि त्यातून लिटरला ३१ मिलिग्रॅम स्फुरद मिळते, म्हणजे ००:५२:३४ ची बहुतांश गरज तिथेच भागते. पालाश मग सल्फेट ऑफ पोटॅशमधून द्यावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा. आम्ल खतांच्या आधी टाकावे. टाकताच बारीक बुडबुडे सुटतील; तो कार्बन डायऑक्साइड निघून जाईपर्यंत सामूचा आकडा फसवा असतो, म्हणून रात्रभर ठेवून सकाळी मोजावे. जारचे पाणी विकत घेणार असाल तर आधी क्षार मोजणारा मीटर बुडवून पाहावे, कारण प्रत्येक जारमधले पाणी आरओचे असतेच असे नाही. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर मुळीच वापरू नये. काढलेले सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

लोहाविषयी : आपण दिलेले लोह ईडीटीए प्रकारचे असावे. सामू साडेसहाच्या वर गेला की हे चिलेट लोहाला धरून ठेवत नाही. सामू आटोक्यात येईपर्यंत ईडीडीएचए प्रकारचे लोह द्यावे. त्याचे द्रावण गडद लाल होते आणि ते जास्त सामूच्या पाण्यातही टिकते. पिवळी झालेली पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, म्हणून सुधारणा नव्या शेंड्यावर पाहावी. आणि सामूचा मीटर ४ व ७ च्या प्रमाण द्रावणांत बुडवून शेवटचा कधी जुळवला होता, हेही आठवून पाहा.

प्रश्न : ठाण्यात नळाच्या पाण्याला कधी कधी ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येतो. त्यात खत आणि ट्रायकोडर्मा मिसळावा का? शिवाय आमच्याकडे आम्लाचे चारच थेंब टाकले तरी सामू एकदम पाचाच्या खाली घसरतो.

उत्तर : नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे, असे पिण्याच्या पाण्याचे मानकच सांगते. एवढ्याने झाडांना किंवा रासायनिक खताला काहीही होत नाही. ट्रायकोडर्मा, जीवामृत यांसारख्या जिवंत गोष्टींसाठी मात्र पाणी रुंद तोंडाच्या घमेल्यात किंवा पिंपात उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी वापरावे. घाई असेल तर १०० लिटरला चिमूटभर एस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व क, पुरते.

आपली दुसरी अडचण सोलापूरच्या वाचकांच्या अगदी उलट आहे. सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी मृदू असते. त्यात बायकार्बोनेटचा साठा नसल्यामुळे थोडेसे आम्लही भारी पडते. आम्ल दहापट पातळ करून थेंबाथेंबाने द्यावे, आणि तेही खते मिसळून झाल्यावर, कारण अनेक खतेच सामू थोडा खाली आणतात. अशा पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ मिळतच नाही, म्हणून जड पाण्यासाठी बनवलेले तयार खत वापरल्यास लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. तयार पाकीट घेताना ते कोणत्या पाण्यासाठी आहे हे वाचून घ्यावे.

प्रश्न : आमच्या इमारतीत मीठ टाकून चालणारे पाणी मृदू करण्याचे यंत्र बसवले आहे. त्या पाण्यात साका येत नाही. ते वापरत राहावे का?

उत्तर : वापरू नये. ते यंत्र क्षार काढत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालते. टीडीएस मीटरचा आकडा जवळजवळ तोच राहतो, म्हणून फसगत होते, आणि बायकार्बोनेटही जिथल्या तिथेच असते. सोडियम कुंडीत साठत जाते आणि जुन्या पानांच्या कडा जळू लागतात. यंत्राच्या आधी जोडलेला एखादा नळ इमारतीत आहे का, हे प्लंबरला विचारावे. कित्येक इमारतींत पंपघराजवळ तसा नळ असतो. तिथले पाणी घेऊन पहिल्या उत्तरातली दोन बाटल्यांची चाचणी करून पाहा.