विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकताना प्रोग्रामिंगची सुरुवात कशी करावी? भाषा कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पायथनचे व्हिडिओ बघून झालेत, लूप-फंक्शन समजतात, पण कोरी फाइल समोर आली की काही सुचत नाही. त्यात कुणी म्हणतं आधी सी++ शिक, कुणी म्हणतं मॅटलॅब. मी संख्यात्मक पद्धतींची प्रात्यक्षिकं घेतो आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाषेचा वाद आधी मिटवू. पायथन सुरू केलंय ना, मग त्यातच राहा. नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब या गणिताच्या आणि आलेखांच्या तयार लायब्ररी, एवढ्यावर पदवीपर्यंतचं बहुतेक काम निघतं. मायक्रोकंट्रोलर (यंत्रांत बसवलेली छोटी संगणक-चिप) हाताळायची वेळ आली की सी लागेल, तेव्हा ती शिकता येईल. विभागात सगळे मॅटलॅब वापरत असतील तर खुशाल मॅटलॅब घ्या, अ‍ॅरेमध्ये (म्हणजे संख्यांची अख्खी यादी एकदम घेऊन) विचार करायची सवय दोन्हीकडे सारखीच लागते. फोरट्रान तर १९५७ सालची, तरी हवामानाची मोठी मॉडेल्स अजून तिच्यात चालतात. पहिली भाषा नीट आली की दुसरी शिकणं फार जड जात नाही.

खरी अडचण वेगळी आहे. व्हिडिओतली उदाहरणं तुमच्या विषयाची नसतात. विद्यार्थ्यांची यादी, बँकेचं खातं, अंक ओळखायचा खेळ, यात तुम्हाला शोधायचं असं काहीच नसतं. म्हणून माझं सांगणं एकच: आपल्या विषयातला असा प्रश्न घ्या ज्याचं उत्तर तुम्हाला कागदावर आधीच येतं. तो संगणकाकडून सोडवून घ्या आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघा.

उदाहरणार्थ, स्प्रिंगला जोडलेलं वजन. वस्तुमान १ किलोग्रॅम, स्प्रिंगचा स्थिरांक १, वजन १ मीटर ओढून सोडलं. उत्तर पाठ आहे: स्थान म्हणजे कोसाइन टी, दोलनकाळ ६.२८ सेकंद. आता ०.१ सेकंदाची पावलं टाकत जायचं. प्रत्येक पावलात तीन ओळी:

त्वरण = −स्थान
स्थान = स्थान + वेग × ०.१
वेग = वेग + त्वरण × ०.१

कोड लिहिण्याआधी पहिली दोन पावलं हाताने करा. पहिल्यानंतर स्थान १, वेग −०.१. दुसऱ्यानंतर ०.९९ आणि −०.२. कोरी फाइल बघून जी भीती वाटते ती इथे बरीचशी जाते, कारण काय टाइप करायचं ते कागदावर आधीच उतरलेलं असतं.

मग हे लूपमध्ये घालून १०० पावलं चालवा आणि आलेख काढा. कुठलीही त्रुटी येत नाही, आलेखही लाटेसारखा दिसतो. पण दहा सेकंदांत आयाम (मधल्या जागेपासूनचं सर्वात जास्त अंतर) १ मीटरवरून १.६ च्या वर गेलेला असतो. ऊर्जा काढून बघा: ०.५ ज्यूलने सुरुवात केली होती, आता १.३५ झाली आहे. बाहेरून कुणी ढकललं नाही, तरी ऊर्जा जवळपास पावणेतीन पट!

कारण कागदावर दोन ओळींत सापडतं. या पद्धतीत प्रत्येक पावलाला ऊर्जा बरोबर १.०१ ने गुणली जाते. वेग आणि स्थान यांच्या वर्गांची बेरीज करून बघा, लगेच दिसेल. ही ऑयलरची सरळ पद्धत. आता शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करा, म्हणजे वेग आधी बदला आणि स्थानासाठी तो नवा वेग वापरा. बाकी काही हलवू नका. आता ऊर्जा पाच टक्क्यांच्या आसपास खालीवर होते, पण वाढत जात नाही, दहा हजार पावलं चालवली तरी. दोन ओळींचा क्रम आणि एवढा फरक! प्रात्यक्षिकात मला सर्वात जास्त आवडणारी जागा हीच, कारण इथे मुलांना पहिल्यांदा पटतं की कोड न अडखळता चालला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही.

याच प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वेळेत दर वेळी ०.१ मिळवत जाऊन "वेळ नेमकी १० झाली की थांब" अशी अट घातलीत तर लूप थांबणारच नाही. ०.१ ही संख्या द्विमानात (संगणकाच्या ० आणि १ च्या अंकपद्धतीत) नेमकी लिहिता येत नाही, त्यामुळे शंभर वेळा मिळवूनही बेरीज १० पेक्षा किंचित कमी भरते. ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरानला अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. यंत्रणा सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत होती, ०.१ चं रूप २४ बिटांत छाटलेलं होतं, आणि १०० तास सलग चालल्यावर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदाने चुकलं होतं. म्हणून पावलं पूर्णांकात मोजा आणि वेळ गुणाकाराने काढा.

चॅटबॉटबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. वरचा कोड तो क्षणात देईल आणि बहुधा बरोबरही देईल. पण ऊर्जेचा आलेख काढून बघायचं ज्याला सुचत नाही, त्याला तो तपासता येणार नाही. त्रुटीच्या संदेशाचा अर्थ विचारायला जरूर वापरा. सुरुवातीचे काही महिने ओळी मात्र स्वतः टाइप करा.

स्थापत्य किंवा यांत्रिकीला असाल तर कॅन्टिलिव्हर तुळईचं टोक भाराने किती वाकतं ते काढा, सूत्र तुमच्याकडे आहेच. रसायनशास्त्राला असाल तर प्रथम कोटीची अभिक्रिया घ्या, अर्धायुकाल जुळतो का बघा. प्रयोगशाळेतली स्वतःची वाचनं फाइलमध्ये भरून लघुतम वर्गांची रेषा (सगळ्या बिंदूंना मिळून सर्वात जवळची) बसवा आणि आलेखाच्या कागदावर काढलेल्या चढाशी ताडून पाहा.

स्प्रिंग जमली की त्वरणाच्या ओळीत स्थानाऐवजी कोनाचं साइन घाला, म्हणजे लंबक होईल. तो ९० अंशांवरून सोडा. आता पाठ असलेलं सूत्र पुरणार नाही: दोलनकाळ त्या सूत्रापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त यायला हवा. तुमचा कोड हा आकडा देत नसेल तर पावलं लहान करून पुन्हा चालवा, आणि कोन अंशांत ठेवलाय की रेडियनमध्ये, ते आधी बघा.