पीळ मध्येच उलटा का फिरतो?

प्रश्न : ताई, राखीसाठी कडेला खाचा असलेल्या फोमच्या चकतीवर कुमिहिमोचं, म्हणजे जपानी पद्धतीच्या गोफाचं, ब्रेसलेट विणतेय, आठ धाग्यांचं. काल अर्धवट ठेवलं, आज पुढे विणलं, तर तिथेच उंचवटा आला आणि पीळ उलटा फिरला. काय चुकतंय?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : हात चुकत नाहीये, थांबायची जागा चुकतेय. चारही बाजूंना दोन-दोन धागे असताना चकती ठेवली, की पुन्हा कुठून सुरू करायचं हे कळत नाही. म्हणून वरचा उजवा धागा खाली आणा, जोडीच्या उजवीकडे अडकवा आणि तिथेच थांबा. खाली तीन धागे दिसतील. पुन्हा बसलात की त्यातला डावा वर न्यायचा, वरच्या धाग्याच्या डावीकडे. मग चकती नेहमीच्याच दिशेने पाव फेरी फिरवायची. हे कळेपर्यंत मी येवल्याहून आणलेलं रेशीम दोनदा उसवलंय, आणि उसवलेल्या रेशमाची झळाळी परत येत नाही हो.

मधून लोंबणाऱ्या गोफाला थोडं वजन बांधा. मी रुमालात चार नाणी बांधते. जपानी कारागीर मारुदाईवर, म्हणजे गोल लाकडी स्टँडवर विणतात, तेव्हा धाग्यांना तामा नावाच्या वजनदार रिळांचा ताण असतो. किमोनोच्या पट्ट्यावर बांधायची ओबिजिमे दोरी अशीच घट्ट, एकसारखी विणली जाते.

१८ सेंटिमीटर गोफासाठी प्रत्येक धागा निदान ६० सेंटिमीटर घ्या. गोकुळाष्टमीचा गोफ आठवतो ना? एकाचा पाय चुकला की सगळी वीण अडते. इथेही तसंच.