बेटांवरच्या रिफॉर्मचं मूल्यमापन करायला निघालेल्या तुला

प्रिय,

तुझा लांबलचक मेल वाचला, पॅसिफिक महासागरातल्या बेट-देशांचं काम मिळालं हे फारच छान झालं. एडीबीचे, म्हणजे एशियन डेव्हलपमेंट बँकेचे, पब्लिक सेक्टर रिफॉर्मचे (सरकारी कारभार सुधारायचे) जुने कार्यक्रम तपासताना सुरुवात कुठून करू असं विचारलंयस, तर माझं ऐक, लोनच्या अटींचा तक्ता सगळ्यात शेवटी उघड. तो आधी उघडला की कायदा पास झाला टिक, नवा विभाग झाला टिक, आणि दोन दिवसांत तू बँकेच्याच डोळ्यांनी बघायला लागशील.

आधी देश केवढा आहे ते बघ. तुवालूची लोकसंख्या 11 हजारांच्या आसपास, नाउरूची पण जवळपास तेवढीच, म्हणजे आपल्याकडची कितीतरी गावं याहून मोठी, पण अर्थखातं, ऑडिट, कस्टम्स सगळं तिथंही लागतंच ना. मग बजेट बनवणारा, मदत देणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या भेटीला आलेल्या टीमबरोबर मीटिंगला बसणारा आणि वर रिपोर्ट लिहिणारा असा तोच तोच माणूस सापडतो, आणि तो नोकरी सोडून परदेशी गेला की टेबल रिकामं. म्हणून 'कपॅसिटी वाढली' असं वाक्य दिसलं की विचार, कोणाची वाढली आणि तो आज कुठंय? कन्सल्टंटने काम उरकून दिलं असेल तर तसं लिही, त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला देशाची क्षमता म्हणू नकोस.

कुक आयलंड्सची केस मात्र निवांत बसून वाच. 1990 च्या दशकाच्या मध्याला सरकार कर्जात बुडालं, पगार द्यायची पंचाईत, मग 1996 मध्ये एडीबीच्या मदतीनं रिस्ट्रक्चरिंग सुरू झालं आणि सरकारी नोकर निम्म्याहून जास्त कमी केले. कागदावर एकदम जबरदस्त! पण कुक आयलंडर्सकडे न्यूझीलंडचं नागरिकत्व असतं, त्यामुळे नोकरी गेली की लोकांनी सरळ विमान पकडलं, आणि लांबच्या बेटांवर तर सरकारी पगार सोडला तर नियमित पैसा येणार कुठून, तिथं जास्तच फटका बसला. तिजोरी सावरली, पुढे टुरिझमनं इकॉनॉमी उचलली, हेही तितकंच खरं. मग यश म्हणायचं का? मी म्हणेन हो, पण तिजोरीपुरतं. निघून गेलेली माणसं कार्यक्रमाच्या यशाला दिल्या जाणाऱ्या कुठल्याच रेटिंगमध्ये बसत नाहीत, म्हणून ती तुझ्या रिपोर्टमध्ये आलीच पाहिजेत, आणि तळटीपेत नाही, तिजोरीच्या आकड्याशेजारी.

दुसरं म्हणजे मूल्यमापनाची तारीख. टोंगात 2000 नंतरच्या काही वर्षांत एडीबीच्या कर्जावर रिफॉर्म चालू होता आणि 2005 मध्ये सरकारी कर्मचारी संपावर गेले, जवळजवळ सहा आठवडे, शेवटी 60 ते 80 टक्के पगारवाढ घेऊनच परतले, मग पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती देऊन माणसं कमी करायची वेळ आली. 2004 ला कोणी मूल्यमापन केलं असतं तर त्याला यातलं काय दिसलं असतं सांग बरं. तेव्हा जमलं तर लोन बंद होऊन पाच-सात वर्षं झालेले कार्यक्रमच निवड, ऑफिस कुरकुर करेल, करू दे.

सामोआचं उदाहरण लोक यश म्हणून देतात आणि ते बरंचसं बरोबरच आहे. 1990 आणि 1991 ची ओफा आणि वॅल ही चक्रीवादळं, त्यात सरकारी विमान कंपनीचा तोटा, यातून सरकारनं सुधारणांसाठी स्वतःच कंबर कसली. म्हणजे तिथं प्रश्न असा की बँक नसती तर हे झालंच नसतं का? बहुतेक झालं असतं, जरा हळू. हे लिहायला कोणालाच आवडत नाही, कारण वर्ल्ड बँक, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड सगळे त्याच एका सुधारणेचं श्रेय आपापल्या रिपोर्टमध्ये घेऊन बसलेले असतात.

ड्राफ्ट झाला की पाठव, रेटिंगचं पान वगळून पाठवलास तरी चालेल.