नॅरोबोटचा गिअरबॉक्स पुढच्या गिअरला स्लिप होतोय, तेलाची पातळी ठीक आहे, मेकॅनिक म्हणतो नवाच टाका. खरंच बदलावा लागेल का?

थांबा, पैसे देऊ नका. आधी इंजिनावरच्या फळ्या उचला आणि लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल बघा.

एवढ्या तावातावाने लिहितेय, कारण हेच आमच्या बोटीवर झालंय आणि घरच्या ग्रुपवर त्यावरून अजून धुसफूस चालू असते.

आम्ही दोघं इंग्लंडमधल्या ग्रँड युनियन कॅनॉलवर नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यातल्या लांबट, अरुंद बोटीत राहतो. त्या उन्हाळ्यात मोठे दीर भारतातून आले होते. भाऊजी मेकॅनिकल इंजिनिअर, उभं आयुष्य कारखान्यात गेलेलं. स्टोक ब्रूअर्नची 7 लॉक्स (पाणी भरून बोट वर उचलणारे दरवाजांचे हौद) चढताना मला पहिल्यांदा जाणवलं. लॉकमधून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की इंजिन ओरडायचं, बोट क्षणभर जागच्या जागी, आणि मग एकदम हिसका देऊन निघायची. सतरा टनांचं लोखंड असं हिसका देतं तेव्हा पायाखाली कळतं. मी म्हटलं, लिव्हर हल्ली पोकळ लागतोय, केबल बघू या. भाऊजींनी डिपस्टिक काढली, तेल दोन बोटांत चोळलं आणि निकाल दिला: "तेल पाण्यासारखं पातळ आहे गं. घसरणारच."

आमचा गिअरबॉक्स हर्थ जातीचा, म्हणजे साधा यांत्रिक. त्यात एटीएफ जातं, गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं लाल तेल, आणि ते पातळच असतं. मॅन्युअल उघडून दाखवलं. "गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल नाही तर काय खोबरेल घालणार?" असं म्हणून त्यांनी ते लाल तेल उपसलं आणि ईपी 90 हे जाड गिअर ऑइल ओतलं. नवऱ्याने त्या वेळी कपबशा विसळायला घेतल्या होत्या.

पुढे ब्लिसवर्थचा बोगदा. 1805 सालचा, जवळपास 2.8 किलोमीटर लांब, आत टो-पाथ, म्हणजे काठाने चालायची वाट, नाही. जुन्या काळी माणसं आडवी पडून भिंतीला पाय लावून बोटी ढकलायची, ते मला त्या दिवशी अगदी पटलं. अर्धं अंतर गेल्यावर इंजिन तापलं आणि गिअर धरेचना. थ्रॉटल वाढवावा तर नुसता आवाज. वरच्या हवेच्या झरोक्यातून डोक्यावर पाण्याची धार, आणि समोरून दुसऱ्या बोटीचा दिवा येतोय. (दोन नॅरोबोटी तिथे शेजारून जातात, पण त्या वेळी ते आठवत नाही.) शेवटी कळलं की अगदी कमी आरपीएमवर तो थोडासा धरतो. तसंच रांगत, मधूनमधून हाताने भिंत ढकलत तासाभराने बाहेर आलो.

बाहेर आल्यावर मी विजेरी घेऊन खाली उतरले आणि नवऱ्याला लिव्हर हलवायला सांगितलं. केबलच्या बाहेरच्या नळीला धरणाऱ्या क्लॅम्पचा एक स्क्रू गायब होता. त्यामुळे आतली तार सरकण्याऐवजी आख्खी केबलच उचलली जात होती, मांजर पाठ वर करतं तशी. शिवणाची टेप लावून मोजलं: गिअरबॉक्सवरचा दांडा न्यूट्रलपासून पुढे जेमतेम 22 मिलिमीटर जात होता. मॅन्युअल बाहेरच्या भोकाशी किमान 35 सांगतं, दोन्ही बाजूंना सारखं. या जातीत दांडा फक्त सुरुवात करून देतो, पुढे फिरण्याचा जोरच क्लचच्या प्लेटा घट्ट आवळतो. सुरुवातच अर्धवट झाली तर प्लेटा एकमेकींवर घासत बसतात आणि जळतात. त्यात जाड ईपी तेल, जे मुळात घर्षण कमी करायलाच बनवलेलं.

स्क्रू बसवला, ते गंधकाचा वास मारणारं तेल हातपंपाने उपसलं, दोनदा एटीएफ घालून धुतलं. उपसलेलं तेल काळं होतं आणि करपल्याचा वास येत होता. तिथेच समजलं, प्लेटा जळल्यात. थंड असताना बरं चाललं, तापल्यावर पुढच्या गिअरला पुन्हा तेच. शेवटी जुना देऊन एक्स्चेंजवर दुसरा गिअरबॉक्स घेतला, हजार पौंडांच्या वर गेले. जुना उघडला तेव्हा मी मुद्दाम समोर उभी होते: पुढच्या गिअरच्या प्लेटा जळून निळ्या, रिव्हर्सच्या जवळजवळ नव्या. भाऊजी आजही म्हणतात, "तो गेलेलाच होता." नव्हता. तो आपण घालवला, आधी मी केबल बघायची टाळून आणि मग तुम्ही ते तेल ओतून. (वाचत असाल तर.)

आता तुमचं. बोट पुढून-मागून घट्ट बांधा, एकाने गिअर टाकून थोडा थ्रॉटल द्यावा, दुसऱ्याने शाफ्टचं कपलिंग, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणारा फिरता सांधा, बघावं, पदर-ओढणी लांब ठेवून. कपलिंग जोरात फिरतंय आणि बोट ओढत नाही? मग गिअरबॉक्स निर्दोष, बहुधा पाण्यातल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) काहीतरी अडकलंय. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच वीड हॅच, म्हणजे पंख्याच्या वरचं झाकण, उघडा, आणि झाकण परत नीट आवळा, नाहीतर बोट तिथून भरते. आम्हाला एकदा पंख्यातून काठापदराची साडी मिळाली होती. ती सुरीने कापताना बोटीपेक्षा साडीचं जास्त वाईट वाटलं.

इंजिन पळतंय आणि कपलिंग रेंगाळतंय, तर इंजिन बंद करून केबल गिअरबॉक्सकडून सोडा आणि दांडा हाताने पूर्ण पुढे करा. मग पुन्हा तसंच करून बघा. हाताने टाकल्यावर धरला तर केबल बदला, चाळीस-पन्नास पौंडांत काम होतं. नाही धरला तर मेकॅनिक बरोबर आहे, पण त्याने हे करून पाहिलंय का ते विचारा. आमच्याकडे आलेल्याने केबलकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, आणि बोलत होता फक्त नवऱ्याशी.

"तेलाची पातळी ठीक" हेही परत बघा. हर्थमध्ये डिपस्टिक आट्यात न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. फिरवून मोजलीत तर कमी असलेलं तेल पुरेसं दिसतं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरतंय, कूलर तपासा.

एक राहिलंच. हे सगळं यांत्रिक गिअरबॉक्सचं. तुमचा पीआरएम 150 सारखा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर त्यात साधं इंजिन ऑइल जातं, एटीएफ नाही, आणि तापल्यावर स्लिप होत असेल तर आधी प्रेशर गेज लावून घ्या. आणि दोन्ही गिअरला काहीच ओढत नसेल, त्याआधी कमी आरपीएमवर खडखड येत असेल, तर इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी, फ्लायव्हीलवरची डॅम्पर प्लेट गेलेली असू शकते. मी मेकॅनिक नाही, पण आता मोजल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तोवर बोट हलवू नका. 14 दिवसांनी जागा सोडायची असेल तर कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला फोन करून बिघाड कळवा.

गिअरबॉक्सवर एक छोटी पाटी असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर आहे. तो इथे लिहा, मग कोणतं तेल ते सांगते.